नांगर हाती धरणारे गुरुजी

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिंद्यांचा दरबार, डोंगरावरचा किल्ला आणि तेथील गायकी उभी राहते. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात या संस्थानाच्या शेतीखात्याची धुरा एका ख्रिस्ती मिशनऱ्याने वाहिली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचे नाव डॉ. सॅम हिगिनबॉटम. महाराज माधवराव शिंदे यांनी शेतीच्या कामी ज्यांचा सल्ला घेतला, ते हे गृहस्थ हिंदुस्थानात आले तेव्हा शेतीशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांना शेतीकडे वळवले ते वर्गाबाहेर, आपल्या विद्यार्थ्यांबरोबर पाहिलेल्या खेड्यांनी. म्हणूनच शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे चरित्र मुद्दाम वाचावे.

सॅम यांचा जन्म १८७४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. तरुणपणी ते अमेरिकेस गेले आणि प्रसिद्ध सुवार्तिक मूडी यांनी स्थापिलेल्या माउंट हर्मन शाळेत दाखल झाले. तेथे प्रत्येक मुलाला अभ्यासाबरोबर रोज अंगमेहनतीचे काम करावेच लागे. हा संस्कार जन्मभर टिकला. पुढे प्रिन्स्टन येथे शिकत असता हिंदुस्थानातील मिशनरी हेन्री फोरमन यांची गाठ पडली आणि १९०३ मध्ये सॅम अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजला आले. खेड्यांतील गोरगरिबांत सुवार्तेचे काम करावे, ही त्यांची मनीषा. मिशनने मात्र त्यांना कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यास नेमले! जवळच नैनी येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. ती त्यांनी व त्यांच्या पत्नी एथलिंड यांनी अनेक वर्षे प्रेमाने वाहिली.

अर्थशास्त्राची पुस्तके परदेशी. त्यांतील कारखाने आणि बाजारपेठा विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेल्या नव्हत्या. तेव्हा गुरुजींनी वर्गच बाहेर नेला. आसपासचे उद्योग व खेडी ते मुलांना दाखवू लागले. तेथे काय दिसले? जमिनीला जेमतेम ओरखडा काढणारा लाकडी नांगर, हाडे निघालेली जनावरे, खतासाठी हवे असलेले शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाणारे आणि सावकाराच्या वहीत अडकलेला शेतकरी. इतके राबूनही हा माणूस उपाशी का, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते. शिक्षकापाशीही नव्हते.

दुसरा कोणी असता तर पुन्हा पुस्तक उघडून पुढचा धडा घेता. हिगिनबॉटम यांनी तसे केले नाही. १९०९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, बायकामुलांसह अमेरिकेस जाऊन ते ओहायोच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. शेतीची पदवी घेतली, मंडळ्यांमधून ३०,००० डॉलर जमविले आणि १९११ मध्ये परत आले. यमुनेकाठी नैनी येथे २७५ एकर जमीन घेतली. ती कसदार मुळीच नव्हती. खोल मुळांचे हट्टी गवत आणि पावसाने कोरलेल्या घळी, अशी तिची दशा होती. या जमिनीवर अलाहाबाद अॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट उभी राहिली.

येथील शिक्षण हाताने चाले. लोखंडी नांगराने उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, म्हणजे उन्हाने गवताची मुळे मरतात. घळींना बांध घालून माती अडवावी. हिरवा चारा खड्ड्यात दाबून मुरघास करावा, म्हणजे टंचाईत गुरे जगतात. शिकलेल्या माणसाने मातीत हात घालणे कमीपणाचे मानणाऱ्या घरांतील मुलांना हा धडा फार जड गेला असेल. पण येथे गुरुजी स्वतःच नांगरामागे उभे असत. नांगर हाकणे हे का मिशनरीचे काम, असे विचारणारे स्वकीयही होते. १९२१ साली त्यांनी शुभवर्तमान आणि नांगर यांच्या नात्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात या शंकेचे निरसन केले आहे.

या कामाची कीर्ती ग्वाल्हेरास पोहोचली. त्या संस्थानात चंबळेच्या बाजूला प्रचंड घळी, तर दक्षिणेस माळव्याची काळी जमीन होती. हिगिनबॉटम यांनी अलाहाबादचे काम सांभाळून ग्वाल्हेरचेही पत्करले. पुढे इतर संस्थानिकांनीही त्यांचा सल्ला घेतला. दरबारातून हुकूम निघेल, पैसाही मिळेल. पण तो हुकूम शेतात उतरवायला काम जाणणारे हात लागतात. असे हात घडविण्यासाठीच तर नैनीची शाळा होती.

महात्मा गांधींशी त्यांचा स्नेह होता. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि आपल्या वर्ध्यास त्याचे ठाणे झाले, तेव्हा त्याच्या सल्लागारांत हिगिनबॉटम यांचे नाव होते. १९३९ मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळीने त्यांना आपल्या महासभेचे मॉडरेटर निवडले. चाळीस वर्षांहून अधिक सेवा करून ते अमेरिकेस परतले. १९४९ च्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी स्वतःला शेतकरी एवढेच म्हटले आहे. १९५८ साली ते प्रभूकडे गेले. नैनीची संस्था आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, पेरणाऱ्याचा दाखला आपण दरवर्षी शिकवतो. आपल्या वर्गातील किती मुलांनी स्वतः मूठभर बी पेरले आहे? एखाद्या रविवारी त्यांना शेतावर न्या, कुष्ठधामातील बंधुभगिनींना भेटवा. मुले प्रश्न विचारतील. आपल्याला उत्तर येणार नाही, तेव्हा लाजू नका. नव्याने शिकायला तयार व्हा. नाझरेथच्या सुताराच्या हातांनाही घट्टे होते, हे त्या दिवशी मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.