पन्नास हत्ती आणि प्रागचा संख्याशास्त्रज्ञ

एका सर्कसमालकाकडे पन्नास हत्ती होते. ते परगावी पाठवायचे तर एकूण वजन कळायला हवे. पन्नास हत्ती कोण तोलत बसणार? मालकाचे म्हणणे, मध्यम आकाराचा ‘साम्बो’ तोलावा आणि पन्नासने गुणावे. संख्याशास्त्रज्ञाला ते पटेना. त्याने चिठ्ठ्यांची अशी योजना आखली की साम्बोचीच निवड व्हायची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. निघालाही साम्बो. पण शास्त्रशुद्ध सूत्राने कळपाचे वजन भरले एका साम्बोपेक्षा किंचित जास्त! आणि थोरला ‘जम्बो’ निघाला असता तर? त्याच्या वजनाच्या ४९०० पट. बिचाऱ्याची नोकरी गेली.

ही खट्याळ गोष्ट रचली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेल्या देबब्रत बसू यांनी. कॅनडातील वॉटर्लू येथे १९७० साली भरलेल्या परिषदेतील निबंधात ती आली. तिला शांतपणे उत्तर देणारे गृहस्थ प्रागचे होते. त्यांचे नाव यारोस्लाव हायेक. हत्तींची आधीची वजने ठाऊक आहेत ना? मग तोललेल्या हत्तीचे वजन ज्या प्रमाणात बदलले, त्याच प्रमाणात कळपाचे जुने एकूण वजन बदलले असे धरावे, असा त्यांच्या उत्तराचा रोख. या धर्तीचे सूत्र नमुना पाहण्यांत आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हायेक यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२६ रोजी, एल्बे नदीकाठच्या पोद्येब्राडी गावी झाला. प्रागच्या तंत्रविद्यापीठात शिक्षण, मग विज्ञान अकादमीच्या गणित संस्थेत संशोधन आणि १९६६ पासून चार्ल्स विद्यापीठात प्राध्यापकी. बाहेरून पाहता साधे, सरळ आयुष्य. पण काळ साधा नव्हता. युरोपच्या मधोमध पोलादी पडदा होता. १९५८ साली हायेक यांनी संभाव्यताशास्त्रातील एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला आणि त्याच वर्षी पडद्यापलीकडे अमेरिकेत जेकब फेल्डमन यांनीही तोच स्वतंत्रपणे सिद्ध केला. आज दोघांची नावे जोडूनच घेतली जातात.

त्यांचे खरे प्रेम मात्र क्रमांकांवर. दोन औषधांपैकी गुणकारी कोणते, हे ठरवताना मोजमापांचे आकडे दगा देतात. एखादाच अवाच्या सवा आकडा सरासरी बिघडवतो. त्याऐवजी सर्व रुग्णांना सुधारणेनुसार पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्यावेत आणि केवळ क्रमांवरून निकाल काढावा. युक्ती जुनी होती, पण ती कितपत विश्वासार्ह, याचा भक्कम गणिती पाया हायेक यांनी घातला. झ्बिन्येक शिदाक यांच्यासह लिहिलेला त्यावरचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच ऑगस्टमध्ये प्रागच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे आले.

त्या उदास वर्षांतच त्यांचे सर्वांत खोल काम झाले. कोणतीही अंदाजपद्धत अचूकतेत जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकते, याची सीमा त्यांनी १९७० आणि १९७२ च्या दोन निबंधांत आखून दिली.

१० जून १९७४ रोजी ते गेले. वय अवघे ४८. त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल फ्रीडरिख हायेक यांना मिळाले, त्यामुळे आजही नाव काढले की लोकांना ते दुसरे हायेकच आठवतात! नमुना निवडीवरचे त्यांचे पुस्तक मागेच राहिले होते. सहकारी वाक्लाव दुपाच यांनी हस्तलिखित संपादित केले आणि १९८१ साली ते छापून आले.