आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा द्वीपप्रवास

पृथ्वीचा नकाशा उघडून आशिया व ऑस्ट्रेलिया या दोन खंडांच्या मधला भाग पाहिला, तर पसाभर तांदूळ अंगणांत उधळावे तशीं असंख्य बेटें समुद्रांत विखुरलेलीं दिसतात. पूर्वीं या प्रदेशास मलाय द्वीपसमूह म्हणत. त्यांतील बहुतेक बेटें आज इंडोनेशिया या देशांत मोडतात व त्यांची संख्या १७,००० हून अधिक आहे. बारा महिने उष्ण हवा, दाट अरण्यें, धुमसते ज्वालामुखी आणि चोहोंकडे पाणी, असा हा मुलूख आहे. येथें प्रवासास निघावयाचें म्हणजे बहुधा नावेंतच पाय ठेवावा लागतो. या जलमार्गांनीं आठ वर्षें हिंडून ज्यांनीं सृष्टिज्ञानांत अमोल भर घातली, त्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजीं वेल्स प्रांतांत अस्क गांवाजवळ झाला. नऊ भावंडांत ते आठवे. वडिलांचा पैसा बुडाल्यामुळें वयाच्या १४ व्या वर्षीं त्यांस शाळा सोडावी लागली. कॉलेजाची पायरी ते कधींच चढले नाहींत. थोरला भाऊ विल्यम जमीनमोजणीचें काम करीत असे. त्याच्या हाताखालीं राहून ते मोजणी व नकाशे काढणें शिकले आणि रानोमाळ हिंडतां हिंडतां त्यांस झाडपाल्याचा नाद लागला. १८४४ सालीं लेस्टर शहरांतील एका शाळेंत ते शिक्षक झाले. तेथें हेन्री बेट्स नांवाच्या तरुणाशीं त्यांची मैत्री जमली. या मित्रास निरनिराळे भुंगेरे जमविण्याचा छंद होता. तोच छंद वॉलेस यांस लागला व त्यानेंच त्यांच्या आयुष्याला दिशा दिली.

१८४८ सालीं हे दोघे मित्र दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत गेले. वॉलेस यांचा धाकटा भाऊ हर्बर्ट मागाहून त्यांस येऊन मिळाला. परंतु १८५१ सालीं पीतज्वरानें त्याचा तेथेंच अंत झाला. पुढील वर्षीं वॉलेस आपला संग्रह घेऊन स्वदेशीं निघाले असतां ६ ऑगस्ट १८५२ रोजीं भर समुद्रांत त्यांच्या जहाजास आग लागली. मोठ्या श्रमानें मिळविलेले कीटक, पक्षी, टिपणें डोळ्यांदेखत जळून गेलीं. दहा दिवस उघड्या होडींत काढल्यावर एका जाणाऱ्या जहाजानें त्यांस वर घेतलें. असा प्रसंग आल्यावर कोणीही समुद्राचें नांव टाकलें असतें. परंतु दोन वर्षांच्या आंत वॉलेस पुन्हां बोटींत बसले व एप्रिल १८५४ मध्यें सिंगापूर बंदरीं उतरले.

त्यांस पगार देणारें कोणी नव्हतें. पक्षी, फुलपांखरें व भुंगेरे जमवून लंडनला आपल्या अडत्याकडे पाठवावयाचे आणि त्यांच्या विक्रीवर पोट भरावयाचें, हाच त्यांचा व्यवसाय. एका बेटावरचे नमुने संपत आले म्हणजे दुसरें बेट गांठणें भाग असे. बोर्निओ बेटांतील सारावाक येथें अली नांवाचा एक मलाय मुलगा त्यांच्याकडे नोकरीस राहिला. तो स्वयंपाक करी, पक्षी टिपी, कातडीं साफ करी व होडीही उत्तम हांकी. या अलीच्या हाताचे कष्ट वॉलेस यांच्या कीर्तींत किती मिसळले आहेत, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये.

त्या काळीं डच सरकारची टपालाची आगबोट कांहीं थोड्या मोठ्या बंदरांस लागत असे. बाकी सर्व ठिकाणीं जावयाचें तर व्यापाऱ्यांच्या शिडाच्या गलबतांत किंवा तेथील लोकांच्या प्राहू नांवाच्या नावांत जागा मिळवावी लागे. वारा पडला कीं नाव जागच्या जागीं. प्रवाह उलटला कीं पुन्हां मागें. १८५६ सालीं वॉलेस यांस सिंगापुराहून सेलेबिस बेटांतील मकासर येथें जावयाचें होतें. परंतु थेट गलबत मिळेना. म्हणून आडमार्गानें प्रथम बाली व तेथून लोंबोक या बेटांकडे ते निघाले. सिंगापूर ते बाली या प्रवासास वीस दिवस लागले. बालीवर त्यांनीं दोन दिवस मुक्काम केला. लोंबोकवर मात्र मकासरची नाव मिळेपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ थांबावें लागलें. दुसऱ्या एखाद्यानें या खोळंब्यास शिव्या दिल्या असत्या. वॉलेस यांनीं बंदूक व जाळें घेऊन रान धुंडाळलें आणि त्यांस एक मोठें आश्चर्य दिसलें.

बाली व लोंबोक हीं बेटें समोरासमोर आहेत. एकाच्या डोंगरावरून दुसऱ्याचा डोंगर दिसतो. हवा तीच, माती सारखीच. तरी बालीवर त्यांनीं तांबट व सुतार पक्षी पाहिले, ते लोंबोकवर दिसेनात. उलट येथें काकाकुवा, मध खाणारे पक्षी आणि पाचोळ्याचा ढीग रचून त्यांत अंडीं उबविणारे पक्षी दिसूं लागले. पहिले आशियाचे सोबती, दुसरे ऑस्ट्रेलियाचे! पुढें इतर बेटांची अशीच पाहणी केल्यावर बाली व लोंबोक यांच्यामधून आणि बोर्निओ व सेलेबिस यांच्यामधून एक रेषा जाते, असें त्यांनीं दाखवून दिलें. रेषेच्या पश्चिमेस वाघ, गेंडे, हत्ती यांचा मुलूख. पूर्वेकडे जावें तसतसे पोटाला पिशवी असलेले प्राणी आढळूं लागतात. या रेषेस आज वॉलेस रेषा म्हणतात. तिचें कारण समुद्राच्या तळाशीं आहे. जावा, सुमात्रा व बोर्निओ यांच्यामधला समुद्र उथळ आहे. हिमयुगांत पुष्कळसें पाणी बर्फांत गोठून राहिल्यामुळें समुद्राची पातळी सुमारें १२० मीटर खालीं गेली, तेव्हां हीं बेटें आशिया खंडास जोडलीं गेलीं व प्राणी पायीं चालत तेथवर आले. लोंबोकच्या सामुद्रधुनीची खोली मात्र २०० मीटरांहून अधिक असल्यामुळें ती कधींच कोरडी पडली नाहीं. आज त्या सामुद्रधुनींतून पादांगबाई व लेंबार या बंदरांमध्यें फेरीबोटी जा-ये करितात. मोटारी, मालाचे ट्रक व उतारू यांस घेऊन त्या चारपांच तासांत पलीकडे पोंचतात. एवढेंसें तें पाणी. परंतु लक्षावधि वर्षें त्यानें दोन सृष्टि वेगळ्या ठेविल्या. थेट गलबत मिळालें असतें तर आपण या बेटांवर उतरलोंच नसतों व हा मोठा शोध हातचा गेला असता, हें वॉलेस यांनीं पुढें मोकळ्या मनानें सांगितलें आहे.

त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं मकासर सोडून ते सुमारें १,००० मैल दूर असलेल्या आरू बेटांकडे एका प्राहूंतून निघाले. पश्चिमेचा मोसमी वारा सुटला म्हणजे व्यापारी डिसेंबरांत तिकडे जात व पूर्वेचा वारा सुटल्यावर जुलै-ऑगस्टांत परतत. म्हणजे वर्षांत एकच खेप. त्या नावेवर वॉलेस यांच्यासाठीं चार फूट उंचीची, गवती छपराची एक झोपडी बांधून दिली होती. डांबर व तेलरंग यांचा उग्र दर्प तेथें नव्हता. कळक, वेत व काथ्या यांचा रानासारखा वास येत असे. आगबोटींतील उंची खोलीपेक्षां ही झोपडी त्यांस अधिक सुखाची वाटली. नावेवर वेळ मोजण्याचें साधन तर आमच्या वाचकांच्या ओळखीचें आहे. बालदींत पाणी ठेवून त्यावर तळाशीं बारीक भोंक पाडलेली नारळाची अर्धी करवंटी तरंगत सोडीत. ती भरून बुडाली कीं एक तास झाला असें समजत. आमच्याकडे लग्नाची घटका मोजण्यास जें घटिकापात्र ठेवीत, त्याचीच ही बहीण! वॉलेस यांनीं आपल्या घड्याळाशीं ताडून पाहिलें, तेव्हां क्वचित् एखाद्या मिनिटाचा फरक पडला. ज्यांस अडाणी म्हणून हिणवितात त्यांच्या हिकमतीची अशी कदर करणें, हा त्यांचा स्वभावच होता. ८ जानेवारी १८५७ रोजीं, म्हणजे आपल्या वाढदिवशींच, ते आरूच्या दोबो बंदरीं पोंचले व स्वर्गीय पक्षी म्हणून प्रसिद्ध असलेल्या पांखरांच्या रानांत शिरले.

फेब्रुवारी १८५८ मध्यें मोलुक्का बेटांत हिंवतापानें पडून असतां त्यांच्या मनांत एक विचार चमकला. जितके जीव जन्मतात तितके जगत नाहींत; एकाच जातीचे दोन जीव तंतोतंत सारखेही नसतात; ज्यांच्यांतील फरक त्या त्या परिस्थितीस सोयीचा असतो ते टिकतात, आणि असें युगानुयुग चाललें म्हणजे जाति बदलत जातात. ताप उतरतांच त्यांनीं हा विचार निबंधरूपानें लिहून काढला व टर्नाटे बंदराहून टपालाच्या आगबोटीनें इंग्लंडांत चार्ल्स डार्विन यांजकडे पाठविला. डार्विन वीस वर्षांपासून याच विचारावर काम करीत होते, पण त्यांनीं तो छापला नव्हता. तेव्हां त्यांच्या मित्रांनीं १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें दोघांचेंही लेखन एकत्र मांडलें. वॉलेस यांस कोणी विचारलें नव्हतें. ते त्या वेळीं न्यू गिनीच्या किनाऱ्यावर होते. पुढें मोठी कीर्ति डार्विन यांस मिळाली. वॉलेस यांनीं कधीं कुरकुर केली नाहीं. उलट १८८९ सालीं या सिद्धांतावर पुस्तक लिहिलें तेव्हां त्याचें नांवच ‘डार्विनिझम’ असें ठेविलें.

१८६० सालीं त्यांनीं स्वतःची एक लहान प्राहू विकत घेतली. तिच्यावरील प्रवास म्हणजे संकटांची माळच होय. प्रथम गोरामचे खलाशी रात्रीं पळून गेले. दहा वेळां नाव खडकावर लागली, चार नांगर गेले, शिडें उंदरांनीं कुरतडलीं, लहान होडी वाहून गेली. बारा दिवसांच्या परतीच्या वाटेस अडतीस दिवस लागले. एके ठिकाणीं तर दोन गडी एका ओसाड बेटावर उतरले असतां प्रवाहानें नाव दूर ओढून नेली व ते तेथेंच राहिले. वाइगिऊ बेटास पोंचल्यावर वॉलेस यांनीं त्यांच्यासाठीं पैसे देऊन होडी पाठविली. वादळामुळें ती रिकामी परतली. तेव्हां त्यांनीं ती पुन्हां पाठविली. कंद, कोवळे देठ, शिंपले व कासवाचीं अंडीं खाऊन एक महिना जगलेले ते दोघे सुखरूप आले. गरीब संग्राहकाच्या खिशाला दोन खेपांचा खर्च जड होता. परंतु माणसाचा जीव त्यांनीं खर्चाच्या वहींत मांडला नाहीं.

१ एप्रिल १८६२ रोजीं ते इंग्लंडांत परतले, तेव्हां दोन जिवंत स्वर्गीय पक्षी त्यांच्याबरोबर होते. निघतांना अलीस त्यांनीं पैसे व आपल्या दोन्ही बंदुका दिल्या व त्याचें छायाचित्र काढविलें. आठ वर्षांत सुमारें १४,००० मैल प्रवास, साठसत्तर सफरी आणि १,२५,६६० नमुने, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत ८,०५० पक्षी व ८३,२०० भुंगेरे होते. १८६९ सालीं निघालेलें त्यांचें ‘मलाय आर्किपेलागो’ हें प्रवासवर्णन आजही वाचलें जातें.

या सिद्धांतामुळें त्या काळीं पुष्कळ श्रद्धाळू जन अस्वस्थ झाले. कांहीं पालकांस आजही तसें वाटत असेल. वॉलेस हे चर्चच्या रूढ मताचे नव्हते, आणि आम्ही त्यांस ओढूनताणून तसें दाखविणार नाहीं. परंतु दिसलें तें दिसलें म्हणून सांगणें व आपल्या हातचें श्रेय दुसऱ्यास आनंदानें देणें, या गोष्टी कोणत्याही भक्तिमान् घरास शोभतील अशाच आहेत. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. पुढें ते मृतात्म्यांशीं बोलण्याच्या नादीं लागले व देवीची लस टोंचण्यास त्यांनीं विरोध केला; त्या लसीनें पुढें जगांतून देवीचा रोगच नाहींसा झाला. थोर पुरुषाचें सर्वच अनुकरणीय असतें असें नव्हे.

पैशाची चणचण त्यांस पुढेंही होती; १८८१ सालीं डार्विन यांच्या खटपटीनें त्यांस वार्षिक २०० पौंडांचें पेन्शन मिळालें. १९०८ सालीं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा मान त्यांस लाभला आणि ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं वयाच्या ९० व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कित्येकांस घरच्या अडचणीमुळें इच्छिलेल्या मार्गानें जातां येणार नाहीं. थेट जाणारी नाव सर्वांसच मिळते असें नाहीं. अशा वेळीं जी नाव मिळेल तींत बसा. पण ज्या किनाऱ्यावर ती तुम्हांस उतरवील, तेथें डोळे मिटून वाट पाहत बसूं नका. वॉलेस यांच्या हातीं ना पदवी होती ना पैसा. आडवाटेच्या बेटावर खोळंबून पडले असतांही त्यांनीं चहूंकडे पाहिलें, इतकेंच; आणि शेंकडों वर्षें खलाशी ज्या पाण्यावरून निर्वेध जात-येत होते, त्याच पाण्यांत त्यांस दोन जगांची शींव सांपडली.