पोलादाचे आचार्य कोतारो होंडा

वाचकहो, आपल्या मॉरिशसच्या रस्त्यांवर जपानहून आलेल्या मोटारी पुष्कळ आहेत. समोरचा काटा ८० वर असला की गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे असे आपण धरून चालतो. बहुधा ती तेवढी चाललेली नसते. काटा थोडे चढवून सांगतो. हे असे का, आणि त्याचा जपानच्या सेंदाई शहरातील एका थोर आचार्यांशी काय संबंध, ते आज आम्ही आपणापुढे मांडीत आहोत. आरंभीच सांगितलेले बरे, की हे होंडा म्हणजे मोटारी काढणारे होंडा नव्हेत. ते सोइचिरो होंडा. १९९१ साली वारले. आमचे होंडा त्यांच्या बऱ्याच आधीचे, आणि त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट धरली, ती म्हणजे लोखंड.

कोतारो होंडा यांचा जन्म मार्च १८७० मध्ये आइची प्रांतातील याहागी गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. हे गाव आता ओकाझाकी शहरात गेले आहे. लहानपणी ते काही हुशार मुलगा म्हणून ओळखले जात नव्हते. आम्हा शिक्षकमंडळींना ही गोष्ट फार आवडते, कारण अशी मुले दरवर्षी आमच्यापुढे मागच्या बाकावर बसलेली असतात. थोरला भाऊ शिकायला तोक्योला गेला, त्याच्या मागोमाग हेही गेले आणि १८९४ साली तिथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकू लागले. गुरू मिळाले हांतारो नागाओका. लोखंड किंवा निकेल चुंबकाच्या प्रभावाखाली आले की त्याची लांबी किंचित बदलते; गुरुशिष्यांनी हाच विषय हाती घेतला.

आपण समुद्राकाठची माणसे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भरती-ओहोटीखेरीज खाडीचे पाणी आपल्या ठराविक कालाने वरखाली होत असते, हलवलेल्या परातीतल्या पाण्यासारखे. प्रत्येक खाडीचा हा काल वेगळा. होंडा यांनी तोराहिको तेरादा आदी सहकाऱ्यांसह जपानच्या कितीतरी खाड्यांत हे मोजले आणि १९०८ साली ते काम प्रसिद्ध झाले.

तोवर ते जर्मनीत पोचले होते. १९०७ साली गॉटिंगेनला गुस्ताव तामान यांच्याकडे धातूंचा अभ्यास केला. १९११ साली परत आले ते थेट सेंदाईला. तिथे तोहोकू विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय त्याच वर्षी उघडले होते. सेंदाई हे तोक्योपासून दूर, उत्तरेकडचे शहर. राजधानी सोडून तिथे जाणे म्हणजे वनवास असे कोणाला वाटले असते, पण होंडा यांनी तिथेच घर केले.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि चांगले चुंबकी पोलाद परदेशातून येईनासे झाले. विमानांच्या इंजिनांना आणि मोजमापाच्या यंत्रांना ते लागत असे. होंडा आणि त्यांचे सहकारी ताकागी यांनी लोखंडात सुमारे एक तृतीयांश कोबाल्ट आणि थोडे टंगस्टन, क्रोमियम व कार्बन मिसळून १९१७ साली एक नवे पोलाद तयार केले. तोवरच्या उत्तम टंगस्टन-पोलादाच्या मानाने ते चुंबकत्व टिकवण्यात जवळजवळ तिप्पट चिवट ठरले. संशोधनाला पैसा देणारे धनिक किचिझाएमोन सुमितोमो यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला के. एस. पोलाद म्हणतात. शोध स्वतःचा आणि नाव देणगीदाराचे! आपल्याकडे उलटे घडलेले अधिक पाहायला मिळते.

चिवट चुंबकाचे एवढे काय, असे कोणी विचारील. म्हणून काट्याकडे वळू. काट्याची जुनी रीत ऑटो शुल्त्स या स्ट्रासबुर्गच्या गृहस्थाने १९०२ साली पेटंट केली. गियरपेटीकडून येणारी एक तार चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, पण दोघे एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज खेळते आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक बारीक कमान तिला मागे धरते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा. आता पाहा, धक्क्यांनी, उष्णतेने, वयाने चुंबक मंदावला तर ओढ कमी होईल आणि काटा खरे आहे त्याहून कमी वेग सांगेल. वळणावर असा काटा म्हणजे घातच. तेव्हा चुंबक वर्षानुवर्षे तसाच राहिला पाहिजे. या चुंबकांचा चिवटपणा कसा वाढवावा हे जगाला ज्यांनी दाखवले, त्यांत होंडा अग्रभागी आहेत.

मग काटा जास्त का सांगतो? तो मुद्दाम तसा लावलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगाहून कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर चालते, पण खऱ्या वेगाचा दहावा भाग आणि वर ४ किलोमीटर, इथपर्यंतच. खरा वेग ८० असता काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो. शिवाय टायर आहेच. ३० सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाचे रबर ६ मिलिमीटर झिजले तर चाकाचा घेर दोन टक्क्यांनी घटतो, तेवढ्याच वाटेला ते जास्त फेरे घेते आणि काटा आणखी वर जातो. उलट कोणी शोभेसाठी मोठी चाके बसवली तर काटा कमी सांगू लागतो. तरुणांनी हे ध्यानात धरावे. आताच्या गाड्यांत तार आणि वाटी गेली, विजेचे यंत्र फेरे मोजते, पण टायरची झीज त्यालाही कळत नाही.

होंडा यांच्या प्रयोगशाळेची १९२२ साली धातुसंशोधन संस्था झाली. इंग्लंडचे बेसेमर सुवर्णपदक त्यांना त्याच वर्षी मिळाले, आणि डिसेंबरात आइन्स्टाइन सेंदाईला येऊन गेले. होंडा रोज एकेका विद्यार्थ्याच्या टेबलापाशी जाऊन काम कुठवर आले याची चौकशी करीत. ते प्रयोगात इतके गढून जात की स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही प्रयोगशाळेतच राहिले, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे, पण सेंदाईच्या लोकांना ते खरे वाटले यातच सारे आले.

१९३१ साली ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी तोक्योच्या तोकुशिची मिशिमा यांनी निकेल व अॅल्युमिनियम घालून के. एस.ला मागे टाकणारे चुंबकी पोलाद काढले. होंडा यांची साठी उलटली होती. सत्कार घेत स्वस्थ बसता आले असते. पण हाकारू मासुमोतो आणि शिराकावा या शिष्यांना घेऊन ते पुन्हा भट्टीपाशी उभे राहिले आणि दोन-तीन वर्षांत मिशिमांच्याही पुढे जाणारे नवे के. एस. पोलाद सिद्ध झाले. मासुमोतो यांनी पुढे सेंडस्ट नावाचा मिश्रधातू काढला. त्या नावातला पहिला भाग सेंदाईचा. टेपरेकॉर्डरच्या हेडमध्ये तो वापरीत, म्हणजे आपल्यापैकी काहींनी भजनांच्या कॅसेटी त्याच्या आधारे ऐकल्या असतील.

१९३७ साली जपानने संस्कृती-सन्मान सुरू केला, त्याच्या पहिल्याच मानकऱ्यांत होंडा होते. १९४० साली त्यांनी अध्यक्षपद सोडले. १० जुलै १९४५ रोजी सेंदाईवर बाँब पडून शहराचा मोठा भाग जळाला. युद्धानंतर १९४९ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, ते तोक्योच्या विज्ञान विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५३ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. १२ फेब्रुवारी १९५४ रोजी ते वारले. ८४ वर्षे पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते. त्यांची धातुसंशोधन संस्था सेंदाईत आजही चालू आहे.