डागाळलेल्या दातांमागे लागलेला डॉक्टर

गावातल्या पोरांचे दात तपकिरी दिसले की आपण काय म्हणतो? घासत नाहीत लेकाचे! अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी तर कोणी डुकराच्या मांसाला दोष देई, कोणी निकस दुधाला. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य तिथं आले आणि या डागांच्या मागेच लागले. बाकीच्या डॉक्टरांना त्यात फारसा रस नव्हता. १९०९ मध्ये नामांकित दंततज्ज्ञ ग्रीन ब्लॅक त्यांच्या जोडीला आले. तपासणीत दिसलं की गावात जन्मलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ मुलांचे दात डागाळलेले, पण मोठेपणी बाहेरून आलेल्यांचे स्वच्छ! गंमत म्हणजे डागाळलेले दात सहसा किडतही नसत.

१९२३ साली मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेले. तिथल्या आयांनी नेमकी खूण सांगितली. सुमारे आठ किलोमीटरवरच्या कोमट झऱ्याचं पाणी नळाने गावात आलं, तेव्हापासून पोरांचे दात बिघडले. मॅकेंनी पाणी तपासलं, तर त्यात काहीच वावगं सापडेना. तरीही त्यांनी ती नळयोजना सोडून दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या, असा सल्ला दिला. हाती पुरावा नसताना! पैसा ओतून आणलेलं पाणी सोडायचं म्हणजे काय, ते सरपंचमंडळींना सांगायला नको. गावाने ऐकलं. काही वर्षांत लहानग्यांना पांढरे, निरोगी दात येऊ लागले.

कारण कळलं ते १९३१ मध्ये. बॉक्साइट या खाणीच्या गावीही तेच डाग होते. आपल्या अल्युमिनियमच्या भांड्यांवर आळ येईल या धास्तीने कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी तिथलं पाणी बारकाईने तपासलं आणि फ्लोराइड सापडलं. खडकातलं फ्लोराइड मुरलेल्या पाण्यात हळूहळू विरघळतं. दात घडण्याच्या वयात ते पोटात जास्त गेलं की डाग कायमचा. मॅके १९५९ साली वारले.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरला असंच पाणी लागलं आहे. वर्षानुवर्षं ते प्यायल्यास हाडं आणि सांधेही आखडतात. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५. तेव्हा ग्रामसेवकांनी पाण्याचा नमुना पाठवताना फ्लोराइडची तपासणी आवर्जून मागावी. हे पाणी दिसायला नितळ, चवीलाही बरं असतं, आणि उकळून त्यातलं फ्लोराइड जात नाही.