केरीसाहेबांची चिकाटी

शब्बाथ शाळेत आपण विल्यम केरींची गोष्ट सांगतो, ती जोडे शिवणाऱ्या तरुणाच्या यशाची. मराठी व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये, नवा करार १८११ मध्ये. एवढे काम सेरामपुरात पंडितांच्या साहाय्याने झाले. पण १७९३ साली बंगालात आल्यावर पहिल्या हिंदू बांधवाचा बाप्तिस्मा होण्यास सात वर्षे लागली, हे आपण घाईने उरकतो. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर वारला. पुढे त्याची आई डॉरथीबाई मनाने आजारी झाल्या, त्या १८०७ मध्ये निवर्तेपर्यंत. त्यांना मुळात हिंदुस्थानात यायचेच नव्हते! ही किंमत मुलांपासून लपवू नये, असे आम्हांस वाटते. ११ मार्च १८१२ रोजी छापखाना जळाला, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते राख झाली. त्यावेळी पन्नाशीत असलेले केरीसाहेब पुन्हा भाषांतरास बसले.