डोर्नकलचे बिशप अझरया

खेडोपाडीं फिरणाऱ्या पाळकास एक अनुभव नेहमी येतो. ओढ्यापलीकडल्या वाडींत सुवार्ता कोणी सांगितली काय, असें मंडळींतील वडीलधाऱ्यांस विचारावें, तर त्यांचें बोट उपदेशकाकडे जातें. तें काम त्याचें. पगार त्याला मिळतो. ही समजूत मुळासकट उपटण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, अशा एका पुरुषाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवितों.

वेदनायकम सॅम्युएल अझरया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजीं तमिळ मुलखांत, तिरुनेलवेलीकडील वेल्लालनविळै या खेड्यांत झाला. वडील तेथेंच पाळक होते. मद्रासेस कॉलेजांत शिकून १८९५ सालीं अझरया वाय. एम. सी. ए.चे सेक्रेटरी झाले. पुढें १९०२ मध्यें ते सिलोनांत जाफना येथें गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक आपल्या पैशानें आपलीं माणसें सुवार्तेसाठीं दुसरीकडे धाडीत होते. तें पाहून अझरयांचें मन टोंचूं लागलें. तिरुनेलवेलीची मंडळी जुनी, देवळें मोठीं, शाळा पुष्कळ. पण असें काम तिनें आपल्या शिरावर घेतलें नव्हतें. दुसऱ्याच वर्षीं, १९०३ सालीं, त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं तेथें भारतीय मिशनरी सोसायटी स्थापिली. १९०५ च्या नाताळाच्या दिवशीं श्रीरामपूर येथें राष्ट्रीय मिशनरी सोसायटीचा जन्म झाला, त्यांतही ते पुढारी होते. (हें श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यांतलें नव्हे, बंगाल्यांतलें, जेथून १८११ मध्यें मराठी नवा करार छापून निघाला तें.)

दुसऱ्यांस जा म्हणणें सोपें असतें. अझरया १९०९ सालीं सेक्रेटरीची जागा सोडून स्वतः डोर्नकलास गेले. हा गांव निजामाच्या राज्यांत होता. आपला मराठवाडा त्या राज्याच्या पश्चिमेस, तर डोर्नकल पूर्वेस. आतां तो तेलंगणांत मोडतो. तेथें भाषा तेलुगू. पस्तिशींतल्या तमिळ गृहस्थाला ती मुळापासून शिकावी लागली.

१९१० सालीं एडिंबरो येथें जगांतील मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. तींत त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, परदेशी मिशनरी हिंदी लोकांसाठीं पैसा देतात, देहही झिजवितात; उणीव आहे ती मैत्रीची. कित्येकांस तें झोंबलें. तरी २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्यास त्यांना बिशपाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळींत हिंदी मनुष्य बिशप होण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांचा खरा कारभार खेड्यांत चाले. मंडळींतील बहुतेक लोक माला व मादिगा जातींचे, दुसऱ्याच्या शेतांत राबणारे. बैलगाडींतून फिरतांना बिशप त्यांना घाण, रोग, कर्ज व दारू या चार भुतांविषयीं बजावीत. बाप्तिस्मा घेणाऱ्यांस ते स्वतःचा हात स्वतःच्या माथ्यावर ठेवावयास लावीत, आणि सुवार्ता न सांगितल्यास आपली दुर्दशा होवो, अशा अर्थाचें पौलाचें वचन म्हणवीत. अक्षरशत्रु मजुरालाही यांतून सूट नव्हती. शेजाऱ्याला सांगावयास अक्षरें लागत नाहींत, पालटलेलें घर लागतें, असें त्यांचें मत होतें. दरसाल साक्षीचा एक सप्ताह पाळला जाई; त्या दिवसांत मंडळीच्या मंडळी शेजारच्या गांवीं गात जात. दान देण्यासही गरिबी आड येऊं देत नसत. दाणे, कोंबडी, जें घरांत असेल तें अर्पण होई. पत्नी अन्बु यांनीं बायकांमध्यें फार काम केलें. पाळकी शिकणाऱ्यांच्या बायकाही शाळेंत शिकत. आमच्या सेमिनरींनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

सर्वच सुरळीत होतें असें नाहीं. माला व मादिगा यांची जुनी तेढ बाप्तिस्म्याच्या पाण्यानें आपोआप धुऊन गेली नाहीं. तिच्याशीं त्यांना अखेरपर्यंत झगडावें लागलें. धर्मांतराच्या प्रश्नावर महात्मा गांधींशीं मतभेद झाला. तथापि मंडळी वाढत गेली, आणि त्यांच्या हयातींतच दोन लाखांवर पोहोंचली. माझ्या मतें या वाढीचें बरेंचसें श्रेय त्या माथ्यावर हात ठेवणाऱ्या मजुरांस आहे, कारण एवढ्या मुलखाला पुरतील इतके पगारी उपदेशक बिशपांजवळ कधींच नव्हते.

१९३९ सालीं डोर्नकलचें मोठें मंदिर पुरें झालें. त्याचें बांधकाम देशी धाटणीचें आहे. हिंदु देवालयाची व मशिदीची कारागिरी त्यांत मिसळलेली दिसते. दक्षिणेंतील निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक व्हाव्या, यासाठीं बिशप १९१९ पासून खटपट करीत होते. १ जानेवारी १९४५ रोजीं डोर्नकल येथें ते प्रभूकडे गेले. दक्षिण हिंदची संयुक्त मंडळी मद्रासेस २७ सप्टेंबर १९४७ रोजीं स्थापन झाली.