शारदेचे मास्तर : गोविंद बल्लाळ देवल

बडा गणपतीपासून राजवाड्यापर्यंतच्या आपल्या जुन्या इंदुरात मराठी नाटकाची आवड किती पिढ्यांची आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकत आलो आहोत. पण मराठी रंगभूमीच्या इतिहासातले एक मोठे पान याच शहरात लिहिले गेले, हे आपल्या नव्या पिढीतल्या कितीजणांना ठाऊक असेल? 13 जानेवारी 1899 या दिवशी किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘संगीत शारदा’ या नाटकाचा पहिला प्रयोग इंदूरला केला. नाटककार होते गोविंद बल्लाळ देवल. आज त्यांचे नाव नाटककार म्हणून घेतले जाते, पण त्यांच्या काळातल्या नटांसाठी ते सर्वांत आधी मास्तर होते, तालीम मास्तर.

देवलांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 चा. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे, तिथे त्यांचे बालपण गेले. शिक्षण कोल्हापूर आणि बेळगाव इथे झाले. मॅट्रिक झाल्यावर बेळगावात काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. बेळगावातच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला आणि आयुष्याची दिशा ठरली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेबांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे नवे युग सुरू झाले. देवल या मंडळीत नट होते आणि तालमी घेण्यात अण्णासाहेबांचे साहाय्यकही.

त्या काळी नाटक मंडळीत प्रवेश मिळणे म्हणजे काय होते, हे आज समजून घेण्यासारखे आहे. कंपनीत येणारा मुलगा दहा-बारा वर्षांचा असे. आधी त्याचा गळा पाहिला जाई, मग चेहरा, मग पाठांतर आणि शेवटी उच्चार. ध्वनिवर्धक नव्हते. दिव्यांच्या उजेडात रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, तोही गाता गाता. स्त्रिया रंगभूमीवर नव्हत्या, त्यामुळे नायिकेचे काम याच मुलांकडे येई. आणि ज्या वयात काम हाती येई, त्याच वयात आवाज फुटण्याची भीती असे. एकदा निवड झाली म्हणजे पुढची काळजी संपली, असे कधीच नव्हते. दर रात्री नवी परीक्षा, आणि परीक्षक समोर बसलेले.

1885 साली अण्णासाहेब गेले. त्यानंतर देवलांनी लेखणी हाती घेतली ती बहुधा रूपांतरांसाठी. ‘दुर्गा’ (1886) हे इंग्रजी नाटकावरून, ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृतावरून, ‘झुंझारराव’ (1890) शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून आणि ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या कादंबरीवरून. कॉलेजात प्राध्यापक जी नाटके वर्गात शिकवत, ती देवलांनी तिकीट काढून आलेल्या साध्या प्रेक्षकाला कळतील अशी केली. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. कालिदास आणि शेक्सपिअर वाचलेला पदवीधर पुढच्या रांगेत बसलेला असे, तर मागे अक्षरओळख नसलेला माणूस. एकाला मूळ बिघडलेले चालत नसे, दुसऱ्याला न कळलेले. दोघांनाही एकाच वेळी धरून ठेवायचे तर भाषा साधी आणि नेमकी हवी. देवलांची भाषा तशी होती. त्यांची पदे आजही बोलल्यासारखी वाटतात.

त्यांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र नाटक एकच, ते म्हणजे ‘शारदा’. विषय त्या काळचा, घराघरातला. भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला कोवळ्या वयाच्या शारदेशी लग्न करायचे आहे. तिचा बाप कांचनभट पैशाच्या लोभाने तयार आहे आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आहे. आईचा जीव तुटतो, पण तिचे घरात काही चालत नाही. कोदंड नावाचा तरुण या लग्नाच्या आड उभा राहतो. देवांच्या आणि राजांच्या कथा पाहणाऱ्या संगीत रंगभूमीवर शेजारच्या घरातली मुलगी प्रथमच नायिका म्हणून आली.

नटांच्या दृष्टीने हे नाटक अवघड होते. शकुंतला किंवा सुभद्रा साकारताना भरजरी शालू, दागिने आणि पुराणातले वलय मदतीला असे. शारदेपाशी यातले काही नाही. मुलगा असलेल्या नटाला आपल्याच वयाच्या, घाबरलेल्या मुलीचे मन दाखवायचे होते. गळा गोड असला तरी तेवढ्याने भागणारे नव्हते. तिची भीती पदातून पोचली नाही आणि नुसता सूरच पोचला, तर नाटक संपले. म्हणूनच देवलांसारखा मास्तर लागतो. आधी अर्थ, मग चाल. वाक्य कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर भार द्यायचा, हे सारे तालमीत घटवून घ्यायचे.

कोदंडाचे काम भाऊराव कोल्हटकरांनी केले. बडोद्यातून 1882 साली अण्णासाहेबांनी त्यांना मंडळीत आणले होते. ‘सौभद्र’मधली सुभद्रा गाजवणारे भाऊराव आता पस्तिशी ओलांडून पुरुष भूमिकांकडे वळले होते. पुढे दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 1901 मध्ये, ते गेले.

‘शारदा’ पुढे महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही वर्षानुवर्षे चालले. जरठ-कुमारी विवाहाची चर्चा सभांतून आणि वर्तमानपत्रांतून चालूच होती, पण सभेला न जाणारी माणसे, विशेषतः बायका, नाटकाला येत. 1929 साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्याला लोक शारदा कायदा म्हणत. नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडलेले, पण मराठी माणसाच्या कानाला त्यात देवलांचीच शारदा ऐकू आली. हा केवळ नावांचा योगायोग. तरीही तीस वर्षांनंतर तो लोकांना खरा वाटला, यात या नाटकाचे यश आहे.

भाऊरावांच्या जाण्याने किर्लोस्कर मंडळीत मोठी पोकळी पडली. ती 1905 च्या सुमारास आलेल्या नारायणराव राजहंसांनी भरून काढली. हेच आपले बालगंधर्व. गळा अलौकिक, पण ऐकण्याचा दोष असल्याने निवड सहज झाली नाही. शाहू महाराजांनी मिरजेला उपचार करवले आणि त्यानंतर मंडळीची दारे उघडली. पहिली भूमिका शकुंतलेची आणि ती बसवून घेणारे मास्तर देवल. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या ‘शाकुंतला’च्या तालमीत ते स्वतः उभे होते, तेच नाटक ते आता पुढच्या पिढीच्या हाती देत होते.

देवलांचे शेवटचे नाटक ‘संशयकल्लोळ’. मोलिएरच्या मूळ कल्पनेवरून इंग्रजीमार्गे आलेला ‘फाल्गुनराव’ त्यांनी पूर्वीच लिहिला होता. त्याला पदांची जोड देऊन ते नव्याने सिद्ध केले. गंधर्व नाटक मंडळीने 1916 च्या ऑक्टोबरात ते रंगभूमीवर आणले, बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव. तो प्रयोग पाहायला मास्तर नव्हते. 14 जून 1916 रोजी त्यांचे निधन झाले होते.

अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद आजही 14 जूनला देवलांच्या स्मृतिदिनी रंगकर्मींचा गौरव करते. आपल्याकडची कॉलेजातली मुलेमुली युवा महोत्सवाच्या एकांकिकांसाठी निवड द्यायला उभी राहतात, तेव्हा हातात एखादा उतारा लागतो. त्यांनी ‘शारदा’ जरूर वाचून पाहावे. ज्या शहरात ते प्रथम उभे राहिले, त्या शहरातल्या मुलीने शारदेची किंवा तिच्या सडेतोड मैत्रिणीची, वल्लरीची, चार वाक्ये म्हणून दाखवावीत. ते काम एकेकाळी मुलींना करताच येत नव्हते.